सेलमधलं फर्निचर आणि अडीअडचणीचे पैसे: तुमचे अनुभव सांगा

अडीअडचणीसाठी किती पैसे बाजूला असावेत, याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च. घरात एकटंच माणूस कमावत असेल किंवा उत्पन्नाचा भरवसा नसेल तर त्याहून जास्त. पंचाईत अशी की तो आकडा जेमतेम अर्ध्यावर आलेला असतो आणि तेवढ्यात हव्या असलेल्या कपाटावर चाळीस टक्के सूट लागते. "सूट संपली की हेच महाग पडेल, मग आत्ता घेणं हीच बचत नाही का?" हा वाद आमच्या घरात इतका रंगलाय की शेवटी इथे आणला.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं. सेल ही आणीबाणी नाही. आणीबाणी न सांगता येते, सेल जाहिरात करून येतो. तेव्हा त्या पैशांना सेलसाठी हात लावायचा नाही. पण झोपायला धड गादी नसताना बँकेत सहा महिन्यांचा खर्च पडून असावा, हेही मला पटत नाही. या दोन टोकांच्या मधे तुम्ही काय केलंत ते लिहा. रक्कम सांगायची गरज नाही, विचार कसा केलात ते हवंय.

रिकामी_खोली

पहिली नोकरी, भाड्याचं घर, आत फक्त पंखा. हवं त्या सगळ्याची यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहिला: ही नसेल तर रोज काय अडतं? गादी नसेल तर झोप अडते. पलंग नसला तर फारसं काही अडत नाही, गादी जमिनीवरही चालते. (मात्र रोज उचलून भिंतीला उभी करायची, नाहीतर खालून ओल धरते आणि बुरशी येते.) घरून काम करत असल्यामुळे टेबल-खुर्ची अडते. सोफा आणि कोपऱ्यातलं शोभेचं शेल्फ पाहुणे आले तरच अडतं, आणि माझे पाहुणे खाली बसतात.

मग टप्पे ठरवले. एका महिन्याचा खर्च साठेपर्यंत फक्त गादी. तीन महिन्यांचा साठला की टेबल-खुर्ची. बाकी सगळं राखीव रक्कम पूर्ण झाल्यावर. मधे सेल येऊन गेले. यादीत नव्हतं ते बघायलाही गेलो नाही, कारण बघितलं की हवंसं वाटतंच.

हिशेबी

"बिनव्याजी हप्त्यावर घ्या, तुमचे साठवलेले पैसे हलणारच नाहीत." हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारतो: रोख दिले तर किती? बहुतेक वेळा किंमत खाली येते, आणि व्याज तिथेच लपलेलं असतं.

समजा वस्तूवर १०० लिहिलेत. बारा हप्त्यांत फेडले तर १००, रोख दिले तर ९०. म्हणजे तुम्ही ९० उसने घेऊन वर्षात १०० परत करताय. नव्वदावर दहा म्हणजे अकराएक टक्के व्याज, असं वाटतं. पण दर महिन्याला थोडं मुद्दल परत जात असल्यामुळे पूर्ण ९० वर्षभर तुमच्याकडे नसतातच. खरा वार्षिक दर २० टक्क्यांच्या आसपास जातो. त्यावर प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. हप्ता हा आवश्यक खर्च असतो, नोकरी गेली तरी भरावाच लागतो. महिन्याचा खर्च १०० आणि राखीव ६०० असेल तर सहा महिने निघतात. त्यात २० चा हप्ता चढला की खर्च १२० होतो आणि तेच ६०० पाच महिन्यांत संपतात. राखीव पैशांना हात न लावता एक महिना गेला!

जाता जाता: "४० टक्के सूट आणि वर आणखी २० टक्के" म्हणजे ६० नव्हे, ५२.

रंधा

आमच्या घरात सुतारकाम वडिलांपासून. धागा पैशांचा आहे, तरी वस्तूबद्दल लिहितो, कारण सूट किती यापेक्षा सूट कशावर हे बघितलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

सेलमधली कपाटं बरीचशी पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा चुरा चिकटद्रव्यात घालून दाबलेला आणि वरून लाकडासारखा दिसणारा कागद किंवा लॅमिनेट. कडेची पट्टी निघाली आणि आत पाणी गेलं की तो फुगतो, आणि फुगलेला परत बसत नाही. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पहिल्यासारखा पकडत नाही. त्यामुळे दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलणाऱ्यांनी असं कपाट घेऊच नये, दुसऱ्या-तिसऱ्या जोडणीत बिजागऱ्या लोंबायला लागतात. एकाच घरात, कोरड्या भिंतीला, कपड्यांसाठी असेल तर मात्र बरीच वर्षं काढतं. पुस्तकांना नको, फळीला मधे झोळ येतो. प्लायवूडमधे पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून तो सहज वाकत नाही आणि स्क्रूही सहज सोडत नाही. महागही असतो.

सोफा घेताना कापडाचा रंग शेवटी बघा. पुढचा एक पाय जमिनीपासून वीतभर उचला. तोवर पुढचा दुसरा पायही उचलला जायला हवा. तो जमिनीला चिकटूनच राहिला तर सांगाडा पिळवटतोय. मग फोमची घनता विचारा, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोमधे किती. बसायच्या भागाला तीसच्या खालचा असेल तर रोजच्या बसण्याने लवकर दबतो. हाताला कडक लागला म्हणून फसू नका, घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. विक्रेत्याला घनता सांगता येत नसेल तर सूट कितीही असो, मी निघतो.

कधीमधी_पगार

माझं काम कंत्राटी, एखादा महिना भरघोस आणि पुढचा कोरडा. त्यामुळे राखीव रक्कम नऊ महिन्यांची ठरवलीय. ती अर्धी साठेपर्यंत वरचे सगळे पैसे तिकडेच गेले. अर्धी झाल्यावर चारातले तीन भाग तिकडे आणि एक भाग 'घर' नावाच्या वेगळ्या खात्यात. नाव दिल्याचा फायदा होतो, त्यातून दुसरं काही काढताना हात थबकतो.

आता सेल कधी आहे हे मी बघतच नाही. घर खात्यात पैसे पुरेसे झाले की पुढचा जो सेल येईल तो माझा. आणि तो येतोच! शेवटचा दिवस दर थोड्या दिवसांनी असतो.

राखीव पैशांतला एक महिन्याचा खर्च बचत खात्यात, उरलेले छोट्या छोट्या मुदत ठेवींत. एकच मोठी ठेव केली तर थोड्या गरजेसाठीही बरेचदा सगळी मोडावी लागते आणि व्याज सगळ्यावरच कमी होतं.

पाठदुखे

मी धागाकर्तीच्या विरुद्ध. मी राखीव पैसे मोडून खुर्ची घेतली आणि पुन्हा घेईन.

जेवणाच्या खुर्चीवर बसून दिवसभर काम करत होते. पाठ धरली, मग मान, मग एका हाताला मुंग्या. व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी सांगितलं, व्यायाम कर पण त्याच खुर्चीत परत बसणार असशील तर उपयोग नाही. उंची कमी-जास्त होणारी, कंबरेला आधार देणारी खुर्ची सवलतीत मिळत होती, तरीही महाग होती. पैसे फक्त राखीवमधेच होते. उपचारांवर तिथूनच जाणार होते, मग खुर्चीवर गेले तर काय बिघडलं?

नियम मात्र एक केला. काढले तेवढे परत भरेपर्यंत घरात नवीन काहीही नाही, उशीचा अभ्रासुद्धा नाही.

धागाकर्ती

@पाठदुखे, हे मला मान्य आहे, कारण तुम्ही सूट होती म्हणून घेतली नाहीत. पूर्ण किमतीला असती तरी घेतली असतीत ना? माझा आक्षेप आहे तो 'सूट नसती तर विचारही केला नसता' या खरेदीला.

पाठदुखे

पूर्ण किमतीलाही घेतली असती, हो. थोडी रडले असते.

निवांत

घरात सोफा नाही. पाहुणे लवकर जातात. सुखी आहे.

दोघांतला_एक

बायको राखीववाली, मी सेलवाला.

"अगं, निम्म्या किमतीत मिळतोय!"
"निम्मी कशाची?"

या प्रश्नाने माझी बोलती बंद झाली. खोडलेली किंमत कुणी कधी दिली होती का, हे मी बघितलंच नव्हतं. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांच्या १९७४ च्या लेखात एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचं मधलं उत्तर २५, ६५ बघितलेल्यांचं ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काही संबंध नाही, तरी पहिला आकडा मनाला ओढतो. खोडलेली किंमत हे तेच चक्र. युरोपीय संघात २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते, ते उगाच नाही.

आता आमचा तह असा: वस्तू आवडली की त्या दिवशीची किंमत वहीत लिहायची आणि पुढचा सेल येईपर्यंत थांबायचं. वहीतल्या किमतीपेक्षा खरंच कमी असेल आणि तोवर दोघांनाही ती हवी असेल, तर घ्यायची. वहीतल्या बऱ्याच वस्तू आता आम्हाला आठवतही नाहीत की का हव्या होत्या.

मोडीतला_भाव

"फर्निचर म्हणजे मालमत्ता" असं माझा मेहुणा म्हणायचा. त्याची नोकरी गेली तेव्हा घर सुंदर सजलेलं आणि खात्यात एका महिन्यापुरतेच पैसे. त्याने विकायला काढलं. जवळजवळ नवा सोफा, पण बघायला येणारा पहिला प्रश्न विचारायचा, "न्यायचा खर्च कोण देणार?" शेवटी मिळाले ते घेतलेल्या किमतीच्या चौथा हिस्साही नव्हते, आणि तेसुद्धा हप्त्याची तारीख उलटल्यावर. पैशाचं फर्निचर एका दुपारी होतं. फर्निचरचे पैसे व्हायला गिऱ्हाईक मिळावं लागतं, आणि गरज आपल्याला असली की भाव तो ठरवतो.

फिरतं_घर

वरचा अनुभव उलट्या बाजूने वाचा, तिथेच माझी खरेदी. बदली झालेल्या, घर आवरणाऱ्या लोकांकडून वापरलेलं घेते. सेलमधल्या पार्टिकल बोर्डाच्या किमतीत जुनं सागवानी टेबल मिळतं, त्यामुळे राखीव पैशांचा प्रश्नच फारसा येत नाही.

काळजी मात्र घ्या. गादी आणि कापडी सोफा वापरलेला घेत नाही, ढेकूण घरात आले की घालवण्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही फार. लाकडी वस्तूच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या भोकांत टॉर्च मारून काळे ठिपके दिसतात का बघते, आणि खाली बारीक भुसा पडलेला असेल तर कीड आहे म्हणून सोडून देते. दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्टची आतली उंची फोनमधे लिहून ठेवलीय. वाहतूक आणि हमालीचा भाव आधी विचारते, मग वस्तूचा. आणि वापरलेलं परत देता येत नाही, म्हणून सगळे खण एकदा उघडून बंद करून बघते, मालक समोर उभे असले तरी.