कांदा-लसूण चटणीला वर पांढरं आलंय, वाचवता येईल का?

मंगळवार पेठ
एप्रिलमध्ये डंकावरून कुटून आणलेली दोन किलो मिरचीची चटणी. दीड किलो ब्याडगी, अर्धा किलो संकेश्वरी. चिनी मातीच्या बरणीत भरलीय, वर हिंग. आता पावसात वरच्या थरात गोळे झालेत आणि कडेला पांढरे ठिपके दिसताहेत. तळाची कोरडी वाटते. किती टाकायची, किती ठेवायची?

कसबा बावडा
आधी ते पांढरं काय आहे ते बघा. नखानं एक ठिपका उचलून पाण्यात टाका. कडक कणी असून विरघळली तर मीठ आहे, काळजी नाही. कापसासारखं मऊ, तंतू सुटलेले आणि कुबट वास असेल तर बुरशी. मग मात्र वरचा थर काढून खालची वापरू नका, सगळी बरणी टाका. जीवावर येतं, पण मिरचीवरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते डोळ्यांना दिसत नाही आणि ऊन दाखवून किंवा फोडणीत घालून जात नाही.

नुसते गोळे असतील, वास चांगला असेल, तर कढई गरम करून गॅस बंद करा आणि चटणी त्यात पसरून हलवत राहा. पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या डब्यात भरा.

गडहिंग्लज
दोष बहुतेक कांद्याचा. पातळ चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात तांबूस होईपर्यंत तळायचा. चिमटीत दाबला की कटकन मोडला पाहिजे; वाकला तर आत पाणी आहे, आणि तेच पुढं श्रावणात बाहेर येतं. मीठही भाजूनच घाला.

दुसरी चूक म्हणजे डंकावरची गरम चटणी तशीच भरणं. झाकणाखाली वाफ धरते, तिचे थेंब कडेनं उतरतात. तुमचे ठिपके कडेलाच आहेत, त्यामुळं मला हीच शंका जास्त. कागदावर पसरून रात्रभर गार करा, मग बरणीत दाबून दाबून भरा. पोकळी राहता कामा नये. तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधून वर झाकण.

राजारामपुरी
खोबऱ्याचंही बघा. त्यातलं तेल हवा आणि उजेडानं खवट होतं, मग बुरशी नसतानाही चटणी वाया जाते. वर्षाची करायची तर खोबरं वगळून कुटा आणि लागेल तसं महिन्याचं भाजून मिसळा. रोजच्यासाठी पाव किलोची छोटी बरणी वेगळी काढा, मोठी महिन्यातून एकदाच उघडा. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढून दोन-तीन तास बंदच ठेवा. गार चटणीला बाहेरची दमट हवा लागली की लगेच पाणी सुटतं.

मंगळवार पेठ
नखानं काढलेली कणी विरघळली, वासही ठीक आहे. हिंग पूड टाकली होती, खडा नव्हे. चालते का?

गडहिंग्लज
नको. पुडीत पीठ मिसळलेलं असतं, ते ओल धरतं. खडाच घ्या आणि तळाला, मध्ये, वर असे तीन ठिकाणी ठेवा.