टक्कल असूनही, की टकलामुळे?

रानवारा (धागाकर्ती)

केस गळण्यावरच्या चर्चेत सडेतोड यांनी लिहिलं, "टकलू पुरुष टकलामुळे आकर्षक कधीच नसतो, दिसलाच तर टक्कल असूनही. अंगात पीळ, खिशात पैसा नाहीतर नावाला वलय असतं, म्हणून टक्कल खपून जातं. बाकीच्यांनी उगाच स्वतःची समजूत काढू नये." त्याखाली सहमतीची रांग लागली आणि सहमत होणारे झाडून सगळे पुरुष. बायकांना काय आवडतं हे बायकांना विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मला टकलू पुरुष आवडतात. नवरा टकलू आहे म्हणून नव्हे, तो भेटायच्या कितीतरी आधीपासून.

डोक्यावर केस असले की नजर आधी तिकडे जाते. ते गेले की चेहरा कपाळापाशी संपत नाही. भुवया ठळक होतात, डोळ्यांना सगळी जागा मिळते, हसताना पडलेल्या आठ्या पार वरपर्यंत चढताना दिसतात. कानामागून मानेपर्यंत उतरणारी कवटीची रेषा केसांखाली कुणाला दिसते? दाढी असेल तर जबडा आणखी उठून दिसतो. यातलं काहीही टक्कल 'असूनही' नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ज्याने उरलेसुरले केस स्वतःहून उतरवले त्याला लपवायचं काही उरत नाही, आणि ते त्याच्या वागण्याबोलण्यात दिसतं. एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत बट ओढणारा माणूस वाऱ्याला, पावसाला, पोहण्याच्या तलावाला आणि वरून काढलेल्या प्रत्येक फोटोला घाबरून असतो. आपण समोर बसून बोलत असतो आणि त्याचा हात डोक्याकडे जातो, हाताबरोबर लक्षही. ज्युलियस सीझरसुद्धा यातून सुटला नाही. तो विरळ केस मागून पुढे ओढून घ्यायचा आणि मिळालेल्या सगळ्या मानांपैकी लॉरेलच्या पानांचा मुकुट कायम घालायचा हक्क त्याला सर्वांत प्रिय होता, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय.

वलयाचंही सांगते. नट यूल ब्रिनरने 1951 मध्ये रंगमंचावर राजाच्या भूमिकेसाठी डोकं तासलं, तेव्हा तो काही बडा तारा नव्हता. प्रसिद्धी तुळतुळीत डोक्यासोबत आली. आणि पुरावाच हवा असेल तर व्हार्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलच्या अल्बर्ट मॅनेसने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन बघा. त्याच पुरुषांच्या फोटोंतले केस संगणकावर पुसले तर ते लोकांना जवळजवळ इंचभर उंच आणि 13 टक्के ताकदवान वाटले. सर्वांत मागे पडले ते विरळ केसवाले.

सडेतोड

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतोच.

मॅनेसचं संशोधन अर्धंच सांगितलंत. त्याच फोटोंमधले तेच पुरुष लोकांना थोडे वयस्कर आणि कमी आकर्षक वाटले, हे का गाळलंत? त्याने मोजलं ते वर्चस्व. ज्याच्याशी वाकडं घ्यायला भीती वाटते तो माणूस आणि ज्याच्याजवळ बसावंसं वाटतं तो माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला धिप्पाड आणि धोकादायक दिसायचं नाहीये.

आणि ब्रिनर, जेसन स्टेथम, ड्वेन जॉन्सन. या सगळ्यांचे खांदे काढून घ्या आणि मग बोला. किरकोळ अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या, दाढी धड न येणाऱ्या माणसाने डोकं तासलं की लोक त्याला पहिला प्रश्न विचारतात, "बरं नाहीये का?" मला विचारलाय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, सगळ्यांसमोर. कॉलेज संपायच्या आत माझं कपाळ मागे सरकायला लागलं होतं. "स्वतःहून उतरवले" हे तुम्ही ज्या कौतुकाने लिहिता त्यात निवड कुठे आहे? दोन वाईट पर्यायांतला कमी वाईट घेतला, एवढंच.

अवकाळी

सडेतोड, उगाच रडगाणं. टक्कल म्हणजे अंगात पुरुषी हार्मोन जास्त. बायकांना ते आपोआप कळतं. निसर्गाचा नियम आहे, यात चर्चा कसली?

शिंपला

अवकाळी, हा समज दर वेळी कुणीतरी आणतंच. त्वचारोगाच्या ओपीडीत रोज ऐकते म्हणून सविस्तर लिहिते.

टकलू पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त नसतं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन तयार होतं आणि काही पुरुषांच्या माथ्यावरची केसांची मुळं त्याला जास्त संवेदनशील असतात. ती हळूहळू आक्रसतात, केस बारीक होत जातात. जेम्स हॅमिल्टनने 1942 मध्ये दाखवलं की वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना हार्मोन दिलं की पडायला लागतं. म्हणजे हार्मोन लागतं, पण किती आहे यावर ठरत नाही. मागच्या आणि कानाजवळच्या मुळांवर डीएचटीचा तेवढा परिणाम होत नाही, म्हणून ती उचलून पुढे लावता येतात. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइकने 1950च्या दशकात हेच करून दाखवलं.

"आईच्या वडिलांना टक्कल तर नातवाला टक्कल" हेही अर्धसत्य. महत्त्वाचं एक जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणजे आईकडूनच येतं. पण 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 52,000 पुरुषांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या 280हून जास्त जागा टकलाशी जोडलेल्या सापडल्या. तेव्हा मर्दानगीचा दाखला म्हणून टक्कल मिरवू नका आणि कमीपणा म्हणून लपवूही नका.

केदार_बा

"लपवूही नका." आलं का इथेही! धागाकर्तीने बट ओढणाऱ्यांना भित्रं ठरवलं, डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला.

मी ट्रान्सप्लांट केलंय. तासन्‌तास पालथं झोपून, मागची मुळं एकेक करून पुढे. त्याआधी गोळ्या. फिनास्टेराइडने ज्या तक्रारी होऊ शकतात त्यातल्या काही मला झाल्या, बंद केल्या, परत विचार केला. हे सगळं मी कुणाला फसवायला केलं नाही. आरशात मला मी दिसावा म्हणून केलं. दात वेडेवाकडे असले तर तारा लावतात, तेव्हा कुणी "लपवतोय" म्हणत नाही. मग केसांनाच हा न्याय का?

निशिगंध

केदार, ट्रान्सप्लांटचं माहीत नाही, पण लपवणं काय असतं ते मला माहीत आहे. एकाशी कित्येक महिने फोनवर बोलत होते. सगळे फोटो टोपीतले. व्हिडिओवरही टोपी. भेटलो तेव्हाही टोपी, हॉटेलात बसल्यावरसुद्धा. शेवटी मीच म्हटलं, काढ ना. तो इतका चिडला की मला भीती वाटली. टकलाचं मला काहीच वाटलं नसतं, मला आधीच अंदाज आला होता. पण जो एवढी साधी गोष्ट लपवायला इतका आटापिटा करतो, तो आणखी काय लपवत असेल, हा विचार डोक्यातून जाईना. नाही म्हणून कळवलं. त्याने सगळीकडे सांगितलं की टक्कल पाहून नाही म्हणाली.

केदार_बा

म्हणजे त्याने टोपी काढल्यावर तुम्ही नाही म्हणालात आणि दोष त्याचाच. तुमच्या फोटोंमध्ये केसांना रंग नव्हता? डोळ्यांत काजळ नव्हतं? बाईने केलं तर नटणं आणि पुरुषाने केलं तर फसवणूक.

निशिगंध

काजळावर कुणी बोट ठेवलं तर मी अंगावर धावून जात नाही. प्रतिसाद नीट वाचा. आणि त्या दिवशी काय झालं ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. दर वेळी बाईच खोटं बोलतेय असं धरून चालायची सवय सोडा.

केदार_बा

मी तुम्हाला खोटं म्हटलं नाही. त्या माणसाला भीती कसली होती तेवढं बघा म्हणतो. सतत हसू झालेला माणूस टोपी काढायला सांगितल्यावर चिडणारच.

निशिगंध

भीती समजते. माझ्यावर ओरडणं समजून घ्यायला मी बांधील नाही.

आडवळण

हसू होण्यावरून आठवलं. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये कामगार न्यायाधिकरणाने निकाल दिला की कामाच्या ठिकाणी पुरुषाला टकलावरून शिवी देणं हा लिंगाधारित छळ आहे, कारण टक्कल पुरुषांमध्ये कितीतरी जास्त आढळतं. आपल्याकडे वर्गात, मैदानावर, कचेरीत टकलावरून हाक मारणं कुणाला गैरही वाटत नाही. जाड्या म्हटलं की हल्ली चार लोक तरी टोकतात.

मीरा_ज

इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही टक्कल पुरुषांचंच. मला चाई आहे. आधी नाण्याएवढे चट्टे, मग सगळं डोकं, मग भुवया. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. रानवारा, तुम्ही ज्या भुवयांचं कौतुक करता त्या मी रोज पेन्सिलीने काढते. 2022च्या ऑस्करमध्ये अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथच्या डोक्यावरून विनोद झाला, तिलाही हाच आजार. जगभर चर्चा झाली ती तिच्या नवऱ्याने मारलेल्या थपडेची. त्याच वर्षी तीव्र आजारासाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती बातमी माझ्या ओळखीत एकालाही माहीत नव्हती.

पुरुषाने डोकं तासलं की तो ठाम दिसतो, निडर दिसतो, वगैरे. मी विग काढून बाहेर पडले तेव्हा लोकांनी माझ्याकडे बघणं टाळलं. निशिगंध, मी विग लावते आणि पहिल्या भेटीत सांगत नाही. मीही फसवते का?

निशिगंध

नाही. मी तसं म्हटलं नाही, आणि तुमच्यावरून मी ते म्हणणारही नाही. पण माझ्या बाबतीत जे झालं ते टोपीमुळे नाही, वागण्यामुळे झालं, हे मी परत सांगते.

केदार_बा

मीराताईंना सूट आणि मला नाही. ठीक आहे.

सडेतोड

केदार, पुरे. त्यांचा आजार आहे.

मीराताई, माझं टक्कल म्हणजे जगातलं सर्वांत मोठं दुःख अशा थाटात मी लिहिलं, ते तुमच्यासमोर टिकत नाही. एवढं मान्य. पण मूळ मुद्दा सोडत नाही. रानवारा, आकर्षण कशात आहे हे तुम्ही अजून सिद्ध केलेलं नाही. तुमची आवड सांगितलीत, ती तुमची.

रानवारा

आकर्षण आवडीपलीकडे कसं सिद्ध करणार? "कधीच नसतो" हे तुमचं वाक्य होतं. ते पाडायला माझी एकटीची आवड पुरते.

मॅनेसबद्दल: कमी आकर्षक वाटले हे खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. पण ते अनोळखी पुरुषांचे फोटो होते. फोटोतला माणूस बोलत नाही, हसत नाही, तुमचं ऐकताना मान कलती करत नाही. मला जे आवडतं ते सगळं तिथे गैरहजर होतं. खांद्यांबद्दलही तसंच. माझा नवरा किरकोळ आहे, चष्मा आहे, बॉल बघून डोळे मिटतो. चष्म्याची जाड काळी फ्रेम आणि तुळतुळीत डोकं यांचं जे जमतं ते दाट केसांवर जमलंच नसतं. केस होते तेव्हाचे त्याचे फोटो मी पाहिलेत, त्यात तो कुणीही वाटतो.

केदार, तुम्हाला भित्रं म्हणायचा हेतू नव्हता. ट्रान्सप्लांट केलेला माणूस हात डोक्याकडे न नेता बोलू शकत असेल तर माझ्या लेखी त्यानेही प्रश्न संपवलाय. मीरा, पुरुषाच्या टकलाला जी मुभा आहे ती तुम्हाला नाही, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा वेगळा धागा असावा आणि तो या धाग्यापेक्षा मोठा व्हावा असं मला वाटतं.

मीरा_ज

काढीन. पण तिथे "धीर धरा" म्हणायला कुणी येऊ नका.

अवकाळी

हार्मोनचं मी वाचलं. रक्तात जास्त नसेल, डॉक्टर म्हणतात तर नसेल. पण बायकांना आवडतं हे तरी खरं निघालं ना!

शिंपला

काहींना आवडतं, काहींना नाही. यात वैद्यकाचा संबंध नाही. एक उपयोगाचं मात्र सांगते: उघड्या माथ्यावर ऊन थेट पडतं आणि तिथे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका खरा आहे. सनस्क्रीन कानांच्या वरच्या कडेपर्यंत लावा. बरा न होणारा व्रण किंवा खपली असेल तर दाखवून घ्या.

सडेतोड

रानवारा, "कधीच" मागे घेतो. "बहुधा" ठेवतो.

एक विचारायचंय. माझ्या डोक्याच्या मागे लहानपणच्या पडण्याची लांब खूण आहे आणि वरचा भाग जरा चपटा आहे. तेव्हा तासल्यावर बाजूचे केस पुन्हा वाढवले, त्याचं खरं कारण तेच. अशा डोक्याचं काय करायचं?

रानवारा

एकदम वस्तरा लावू नका. आधी ट्रिमरने तीन मिलिमीटर, मग आठवड्याने एक. बाजूचे दाट आणि वरचे विरळ यातला फरक कमी झाला की अर्धं काम होतं, तेवढ्यावरही थांबता येतं. पहिले काही दिवस माथ्याचा रंग कपाळापेक्षा फिका दिसेल, त्यावरून निर्णय घेऊ नका. खूण असू द्या. लोक दोनदा विचारतील, मग विचारायचे थांबतील.

केदार_बा

आणि नाही आवडलं तर माझ्या डॉक्टरांचं नाव व्यक्तिगत निरोपातून देतो. तेही डोकं तुमचंच असेल.