बीएला केट्या लागल्या म्हणून पीएचडीचं नावच काढायचं नाही?

निळी शाई: परवा इथे कुणीतरी लिहिलं, "पदवीला विषय राहून एटीकेटी घेऊन मानव्यविद्यांत पीएचडी करायला निघालेल्यांनी आधी स्वतःची गुणपत्रिका बघावी." तेव्हापासून डोकं तापलंय. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2022 चे नियम वाचलेत का? पीएचडीला पदव्युत्तरचे 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना 5 टक्के सवलत. एमए करून जाणाऱ्याला बीएची टक्केवारी त्यात कुणी विचारत नाही. दिल्लीच्या जेएनयूच्या एमएची यादीसुद्धा सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर लागते. माझा भाऊ पहिल्या वर्षी पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून कॉलेजला जायचा, वडील अंथरुणाला खिळलेले. इतिहासात केटी लागली. तिसऱ्या वर्षी त्याच विषयात वर्गात पहिला आला. आता एमए करतोय. त्याने अर्ज करायचा नाही?

घाटमाथा: ते मीच लिहिलंय आणि शब्द मागे घेणार नाही. नियमात बसणं वेगळं, पाच-सहा वर्षं एका विषयाला चिकटून राहणं वेगळं. मी कॉलेजात शिकवतो, अर्धवट सुटलेले प्रबंध पाहिलेत. आणि एमएलाही 53 टक्के पडले तर? नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, नोकरी, सगळीकडे 55 ची अट आडवी येते. पोरांना भलती आशा लावू नका.

बोरूबहाद्दर: गुणपत्रिकेवर एवढा भरवसा? 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन पेपरतपासणी काढली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. त्या बॅचची लायकी कशावरून ठरवणार?

काजवा: टक्केवारीचं काय घेऊन बसलात, खरी गोम मुलाखतीत आहे. 2024 पासून नेटवरून प्रवेश असेल तर परीक्षेला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार. जेआरएफवाल्यांची, म्हणजे नेटमधून संशोधनाची फेलोशिप मिळालेल्यांची, तर थेट मुलाखतच. मी तालुक्याच्या कॉलेजातली, मराठी माध्यमाची. विषय दलित आत्मकथनांचा, संदर्भ सगळे मराठी. मी मराठीत मांडायला लागले तर समितीतल्या एकाने फाइल मिटली आणि विचारलं, "इंग्रजी जमत नाही का?" पुढचा एकही प्रश्न विषयावर नव्हता.

घाटमाथा: वाईट झालं. पण संशोधनाला इंग्रजी लागतंच.

काजवा: वाचायला लागतं, आणि मी वाचते. फाडफाड बोलता येणं म्हणजे संशोधन नव्हे. आमच्या बोलीतल्या पुस्तकांवर काम करायचं आणि आमच्याच बोलीची लाज वाटून घ्यायची?

बोरूबहाद्दर: सर, यादी आधीच ठरलेली असते हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही बसलाय ना अशा समित्यांवर?

घाटमाथा: बसलोय, आणि एकाही पोराचं नुकसान केलेलं नाही. पुरावा नसताना असले आरोप करायचे नाहीत!

काजवा: पुरावा कुठून आणायचा? मुलाखतीचे वेगळे गुण आम्हाला दाखवलेच नाहीत. ते यादीसोबत लावा, निम्मी भांडणं मिटतील.

घाटमाथा: गुण जाहीर व्हावेत, हे मान्य. तेवढंच.

सातासमुद्रापार: मूळ प्रश्नावर बोलू का? इकडे अमेरिकेत मानव्यविद्यांच्या बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकली. नमुना म्हणून जोडलेला निबंध आणि शिफारसपत्रं बारकाईने वाचतात. कमी गुणांबद्दल एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःच्या निवेदनात, दोन ओळी पुरतात: काय झालं, कधी सावरलं. पानभर रडगाणं नको. बाकीचं शिफारसपत्र देणाऱ्या सरांना लिहू दे, त्यांच्या शब्दाला वजन असतं. आणि केट्या लपवायच्या नाहीत, गुणपत्रिका सगळ्याच सेमिस्टरच्या मागतात.

घाटमाथा: गुण चढते असतील तर गोष्ट वेगळी, एवढं मानतो. पण मग काम दाखवा. निबंध चांगला निघाला तर केटीचा विषय मी काढणार नाही. सरसकट सगळ्यांना "कराच अर्ज" म्हणायला मात्र माझा विरोध कायम.

निळी शाई: सरसकट कोण म्हणतंय? भावाचा निबंध कुळकायद्यावर आहे. तहसील कचेरीत बसून 1957 नंतरचे फेरफार त्याने हाताने उतरवून घेतलेत, कुळाचं नाव कुठल्या साली लागलं आणि कुठे पुन्हा कमी झालं, गाववार. आज रात्री पाठवते. वाचा, मग बोलू.