अनुभव धागा: रशिया-युक्रेन युद्धावर तुमच्या घरात, हॉस्टेलवर, मेसमध्ये काय बोललं गेलं?

धागाकर्ती

२४ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी टीव्ही लावला आणि बाबा पहिलं वाक्य बोलले, "रशिया उगाच असं करणार नाही." बाबांचं वय तेव्हा ७८. आमच्या घरात रशिया म्हणजे १९७१. ऑगस्टमधला मैत्री करार, डिसेंबरात सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी वापरलेला नकाराधिकार, आणि प्रदर्शनातून दोन-तीन रुपयांत आणलेली, मराठीत उतरवलेली गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं. मीही त्याच पुस्तकांवर वाढले.

माझी लेक तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "आजोबा, तो शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घेऊन शिरलाय." बाबांनी ताट सरकवलं. त्यानंतर बरेच महिने जेवताना हा विषय काढायचा नाही, असा आईचा हुकूम होता. मी स्वतः कुठल्या बाजूला होते हे मला कुणी विचारलंच नाही, आणि बरं झालं.

नाटो, क्रिमिया, मिन्स्क करार यांवर वाचायला भरपूर आहे. इथे ते नको. तुम्ही कुठे होतात, कोण काय म्हणालं, तुमचं तेव्हाचं मत टिकलं का, एवढं लिहा. ओळख पटेल अशी नावं टाळा.

लातूरची

मी युक्रेनमधल्या खार्किवला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. नीटला सरकारी कॉलेजाइतके मार्क पडले नाहीत आणि खासगी कॉलेजाची फी बाबांच्या शेतात पिकत नव्हती. हे आधीच लिहिते, कारण पुढं तोच प्रश्न येणार आहे.

पहाटे पाचच्या सुमारास खिडकीची काच थरथरली. रूममेट झोपेतच म्हणाली, छपरावरचा बर्फ पडला असंल. मग परत. मग परत. त्यानंतर सहा दिवस आम्ही हॉस्टेलच्या तळघरात होतो.

मला सांगायचंय ते आमच्या देझुर्नायाबद्दल. देझुर्नाया म्हणजे हॉस्टेलच्या दारावर ड्युटीला बसणाऱ्या बाई. साठीच्या. घरी रशियन, टीव्ही रशियन, आम्हाला दिलेल्या शिव्या रशियन. खार्किवपासून रशियाची सीमा जेमतेम ४० किलोमीटर. पलीकडं बेल्गोरोदला त्यांची सख्खी बहीण. पूर्वी आपण लातूरहून उदगीरला जावं तशा जायच्या म्हणे. तळघरातून त्या बहिणीला फोन लावायच्या. बहीण म्हणायची, तुमच्यावर कुणी बॉम्ब टाकत नाही, फक्त लष्करी तळांवर चाललंय, हे तुमचेच लोक करत असतील. मग बाई बोलणं थांबवून फोन छताकडं धरायच्या. ऐक म्हणायच्या. चौथ्या दिवसापासून त्यांनी फोन लावला नाही. आणि आमच्याशी युक्रेनियनमध्ये बोलायला लागल्या. आम्हाला ते धड कळायचं नाही, कारण पेशंटशी बोलायला म्हणून आम्ही रशियनच शिकलो होतो.

२ मार्चला दूतावासाचा निरोप आला की संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाय किंवा बेझल्युदिवका गाठा, गाडी नसेल तर चालत. त्याआधी स्टेशनवर गेलो होतो. गाडीत आधी त्यांच्या बाया-लेकरं. आम्हाला मागं लोटलं, एका मुलीची बॅग फलाटाखाली गेली. राग आला, आजही येतो. पण बायकोलेकरांना चढवून देणारे बाप फलाटावरच उभे राहत होते, हेही त्याच डोळ्यांनी पाहिलंय. मग ११ किलोमीटर चाललो.

घरी आल्यावर पेढे, हार, चॅनेलवाले. आठवड्यानं सूर बदलला. "इथं ॲडमिशन मिळत नाही म्हणून तिकडं पळायचं, आणि परत सरकारच्या पैशानं यायचं." हे बोलणाऱ्यांत आमच्या घरी पेढे खाऊन गेलेले होते. मामाचा तर स्टेटस पुतिनचा, खाली लिहिलेलं, "याला म्हणतात डेअरिंग." मी म्हटलं, मामा, मी त्याच डेअरिंगखाली सहा दिवस होते. तर म्हणतो, "तुला काही झालं का? बसला तिरंगा लावला की ते थांबतात." तिरंगा होता, चेकपोस्टवर उपयोग झाला, खोटं कशाला बोलू? पण वरून पडणाऱ्याला झेंडा दिसत नाही.

मामाशी बोलते अजून. त्या विषयावर नाही.

मिगवाला

ओझरच्या आमच्या विमान कारखान्याला नाशिककर आजही 'मिग'च म्हणतात. तिथे ३४ वर्षं नोकरी केली. मिग-२१, मग मिग-२७, शेवटी सुखोई. ड्रॉइंग रशियनमध्ये यायची, त्यामुळे अक्षरओळख सक्तीचीच. तिकडचे तज्ज्ञ वसाहतीत राहत. त्यांच्या बायका भाजीबाजारात "कमी करा" एवढं मराठी महिन्याभरात शिकत. थंडीत आम्ही स्वेटर घालायचो तेव्हा ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरायचे आणि हसायचे.

सांगायचा मुद्दा असा की आमच्या लेखी ते सगळे रशियन होते. मला ज्याने हाताला धरून काम शिकवलं तो खार्किवचा, हे त्याने सांगितलं होतं, पण खार्किव हे रशियातलंच एक गाव अशीच आमची समजूत. सोव्हिएत संघ मोडल्यावर कुणी काय कुणाकडे गेलं, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. हवाई दलाचं एएन-३२ हे कीव्हच्या अँतोनोव्हचं विमान, तेही आम्ही रशियनच म्हणायचो.

निवृत्तांच्या ग्रुपवर ९० टक्के लोक रशियाच्या बाजूचे. मीही. माझं घर त्या विमानांवर उभं राहिलं, ७१ मला आठवतं, आणि मित्राला अडचणीत पाठ दाखवू नये या संस्कारातले आम्ही. तरी खार्किवची चित्रं दाखवू लागले तेव्हा एकदा ग्रुपवर लिहिलं, "आपल्याला रिव्हेट कुठे मारायचं ते शिकवणारा कोणत्या बाजूला असेल?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात.

स्पष्टच_बोलतो

१९७१ मध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा युरोपला आपली तत्त्वं आठवली होती का? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देश रशियाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. आपण तटस्थ. शंभर टक्के योग्य.

धागाकर्ती

मत पोचलं. अनुभव?

स्पष्टच_बोलतो

आहे ना. जर्मन क्लायंट. मीटिंग संपताना मला म्हणतो, तुमचा देश रशियाचं तेल का घेतो? जसं काही टँकर मीच आणलाय. मी विचारलं, युद्धाच्या आदल्या वर्षी तुमच्या देशाच्या गॅसपैकी ५५ टक्के गॅस कुठून येत होता? वाटलं, आता गप्प बसेल. तो म्हणाला, "तेच तर आमचं चुकलं." मग मीच गप्प बसलो. मत बदललेलं नाही, पण उत्तर तयार नव्हतं हे कबूल.

खानावळ_कोल्हापूर

आमचा अनुभव डब्याचा. सूर्यफुलाचं तेल तेव्हा बहुतेक युक्रेनहून यायचं, हे मला मार्च २०२२ मध्ये कळलं, जेव्हा १५ लिटरचा डबा रोज वेगळ्या भावाने यायला लागला. लग्नांच्या ऑर्डरी जुन्या दराने घेतलेल्या. आमचा आचारी पुतिनवर इतका चिडला होता की विचारू नका. आणि मेसला जेवणारी पोरं पुतिनची फॅन. पुरी आणखी मागितली की आचारी म्हणायचा, "तुझ्या सायबाला सांग."

धुळेकर_कुर्स्क

लातूरकर ताईंचं वाचून लिहितोय. मी पलीकडच्या बाजूला होतो. रशियातल्या कुर्स्कला मेडिकलला भारतीय मुलं खूप, त्यातला एक.

पहिली गोष्ट, 'युद्ध' हा शब्द तेव्हा तिथे कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. 'स्पेत्सओपेरात्सिया', म्हणजे 'विशेष मोहीम', म्हणायचं. मार्च २०२२ मध्ये कायदाच झाला, लष्कराबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. आम्हाला सीनियर्सनी सांगितलं, फोनवर आईशीसुद्धा मराठीतच बोल आणि ते पण जपून. व्हिसा-मास्टरकार्ड बंद पडलं. घरून पैसे मागवायचे म्हणजे दहा जणांना विचारून वाट काढायची.

टॅक्सीवाले बिनधास्त बोलायचे, सगळं बरोबर चाललंय, 'इंदिया द्रूग', भारत मित्र. भाडं मात्र मित्राचं लावायचे नाहीत. सप्टेंबरात ३ लाख लोकांची भरती जाहीर झाली, त्या आठवड्यात टॅक्सीवालेही कमी बोलले. आमच्या एका तरुण शिक्षिकेने प्रॅक्टिकलनंतर दार लावून घेतलं, एकच शब्द बोलली, 'स्तिद्नो'. लाज वाटते. मग दार उघडून म्हणाली, उद्या स्लाइड्स पुसून ठेवा.

ऑगस्ट २०२४ ला युक्रेनचं सैन्य कुर्स्क प्रांतात शिरलं. सायरन, तळघर, सगळं आमच्याकडे. खालच्या दुकानातली आजी रडत होती, "आम्ही त्यांचं काय वाकडं केलं?" खरंच विचारत होती ती, नाटक नव्हतं. मी काही बोललो नाही. पाव घेतला आणि वर आलो. ताई, तुमच्या देझुर्नायाची ती बहीण मला त्या आजीसारखीच दिसते.

वॉर्सातून

आमच्याकडे युक्रेनमधल्या झितोमिरची एक बाई दोन मुलांसह पाच आठवडे राहिली. घरमालकीणबाई पोलिश, वय ८० च्या पुढे, मूळच्या व्होल्हिनियातल्या, म्हणजे आताच्या पश्चिम युक्रेनमधल्या. १९४३ मध्ये तिथे युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी पोलिश गावंच्या गावं कापली, त्यात त्यांचे आजोबा गेले. त्यांना आमच्याकडे कोण आलंय कळलं तेव्हा मी घाबरलो, घर सोडायला सांगतील म्हणून. त्या दोन रजया घेऊन वर आल्या. म्हणाल्या, मी त्यांना माफ केलेलं नाही, पण थंडी आहे.

हे २०२२. पुढे पोलिश शेतकऱ्यांनी युक्रेनच्या स्वस्त धान्याविरुद्ध सीमेवर ट्रॅक्टर आडवे लावले. स्टेशनवर रात्रभर सूप वाटणारा माझा सहकारी आता दवाखान्यातल्या रांगेबद्दल कुरकुरतो. आणि भारतातून फोन आला की काका विचारतात, "काय, तुमचा झेलेन्स्की काय म्हणतो?" माझा कधी झाला, काय माहीत.

बोटीवरचा_गुहागरकर

थर्ड इंजिनिअर होतो तेव्हा. जगातल्या खलाशांत शंभरातले चौदा-पंधरा रशिया आणि युक्रेन या दोन देशांचे. म्हणजे दोघे एकाच बोटीवर असणं नवलाचं नव्हतं. आमच्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, चीफ इंजिनिअर रशियातल्या नोव्होरोसिस्कचा, चीफ मेट (कॅप्टनच्या खालचा अधिकारी) युक्रेनमधल्या ओडेसाचा. कॅप्टन आपला तामिळ, कुक गोंयकार.

२४ तारखेला आम्ही दक्षिण अटलांटिकात. नाश्त्याला मेट फोन हातात घेऊन बसलेला, नेट येई-जाई. चीफ त्याच्या खांद्यावर हात ठेवून रशियनमध्ये बोलला. मला तेवढं कळतं. दोन-तीन दिवसांत संपेल, घाबरू नकोस. मेटने हात काढला नाही, पण त्या दिवसानंतर तो चीफशी इंग्रजीत बोलायला लागला. आदल्या महिन्यापर्यंत रात्री दोघं रशियन विनोद सांगून टेबल बडवत होते. आता बॅलास्टचा (बोटीचा तोल राखायला भरलेल्या पाण्याचा) आकडासुद्धा कधीकधी माझ्यामार्फत. कॅप्टनने बोर्डावर लिहिलं, मेसमध्ये राजकारण नाही.

राजकारण शेवटी बोर्श्टमधून आलं. बीटाचं ते लाल सूप कुक दोघांसाठी दर रविवारी करायचा. जुलैत युनेस्कोने बोर्श्ट शिजवण्याची परंपरा युक्रेनचा वारसा म्हणून यादीत घातली. मेटने बातमी छापून कॅप्टनच्या नोटिशीशेजारी लावली. चीफ रविवारी जेवायला यायचा बंद झाला. दोन रविवार पातेलं अर्धं उरलं. कुक वैतागला. त्याचं मत असं की बीट त्याचं, गॅली म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर त्याचं, सूपही त्याचंच. तिसऱ्या रविवारी त्याने शाकुती केली, घरच्यासारखी, तिखटाला हात आखडता न घेता. दोघंही आले. पहिल्या घासाला दोघांनीही एकाच वेळी कुकला शिवी हासडली, रशियनमध्ये. मेटच्या लक्षात आलं तेव्हा तो उठून डेकवर गेला.

ऑगस्टात माझा काँट्रॅक्ट संपला. मेटचाही संपत आला होता, पण त्याने वाढवून घेतला. घरी गेलो तर परत बाहेर सोडतील याचा भरवसा नाही, म्हणाला. चीफनेही वाढवला. का, ते त्याने सांगितलं नाही. मी ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरलो तेव्हा दोघं बोटीवरच होते.