विश्रांतीला किंमत हवी, नुसती मर्यादा नको
काहीजण म्हणतात की आरपीजीत, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये, झोपण्यावर मर्यादा म्हणजे खेळणाऱ्याला शिक्षा. १ ते ४ दुकान बंद ठेवणाऱ्या पुण्यात विश्रांतीविरुद्ध बोलणं धाडसाचं, पण मला हे पटत नाही. या गेम्समध्ये झोपलं की जखमा भरतात आणि वापरलेले मंत्र परत मिळतात; दर मारामारीनंतर अशी फुकट झोप मिळाली की मंत्र राखून ठेवायचं कारणच उरत नाही.

मात्र नुसतं रेशनिंगही कामाचं नाही. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'त (२०१५) कॅम्पिंगचं सामान मोजकंच बाळगता येतं. मग लोक काय करतात? सामान आणायला उलटे गावात चालत जातात. कंटाळा वाढतो, धोका नाही.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये लाँग रेस्टला (पूर्ण झोपेला) नेहमीच्या अवघडपणावर ४० कॅम्प सप्लाइज (शिधा) लागतात, पण ते ढिगाने सापडतात. खरा चटका वॉकीन्स रेस्ट नावाच्या सरायीपाशी बसतो. ती डोळ्यांसमोर जळत असताना झोपायला गेलात, तर आत अडकलेली माणसं मरतात. कोथरूडला मित्राकडे खेळताना एकजण म्हणाला, "आधी हील होऊन येऊ," तर बाकीच्यांनी त्याच्या हातातला कंट्रोलरच काढून घेतला! असे प्रसंग गेमभर हवे होते.

आणि मुदत घालणार असाल तर 'फॉलआउट'सारखी (१९९७) सुरुवातीलाच सांगा: १५० दिवसांत वॉटर चिप (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा सुटा भाग) आणा. गुपचूप चालणारं घड्याळ मलाही नकोय.