डिस्चार्ज कार्डावरचे शब्द कोणी मराठीत समजावेल का? बाबांना स्ट्रोक

धायरीकर७७
नमस्कार मंडळी, बाबांना (वय ७१, बँकेतनं रिटायर) गेल्या महिन्यात स्ट्रोक झाला, अकरा दिवस ॲडमिट होते, आता घरी आणलंय. उपचारांबद्दल तक्रार नाही, पण निघताना जे कार्ड हातात ठेवलं ते निम्मं डोक्यावरून गेलं, विचारायला गेलो तर ज्युनिअर डॉक्टर उभ्या उभ्या दोन मिनिटं बोलला नि पळाला. लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट, राइट हेमिपॅरेसिस, पॉवर हात २/५ पाय ३/५, डिसफेझिया, जीसीएस १३/१५. मेव्हणा म्हणतो १३/१५ म्हणजे डिस्टिंक्शन, टेन्शन नको. आत्याने नेटवर बघितलं की डिसफेझियाचा अर्थ गिळता येत नाही, म्हणून आठ दिवस चहा बंद, पाणी चमच्याने. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाणारा माणूस हो! आता तोंडातून एकच शब्द येतो, चहा. चष्मा हवाय, चहा. पंखा बंद करा, चहा. आणि कहर म्हणजे परवा लेकीने शेजारी बसून बे एके बे सुरू केलं तर बाबांनी बे दाहे वीसपर्यंत एका दमात म्हटलं. आईला वाटतंय की हे मुद्दाम बोलत नाहीत, घरात त्यावरून रडारड झाली.

वाचाताई
मी स्पीच थेरपिस्ट आहे. आधी आत्याबाईंचं बघू. दोन शब्द आहेत, डिसफेझिया आणि डिसफेजिया, झ आणि ज एवढाच फरक. 'झ'वाला बोलण्याचा, त्यालाच ॲफेझिया किंवा वाचाघात म्हणतात. 'ज'वाला गिळण्याचा. कार्डावर कधीकधी स्पेलिंगही चुकतं, त्यामुळे "झ आहे ना, मग द्या चहा" असं मात्र करू नका. दोन्ही त्रास एकाच पेशंटला असू शकतात, आणि काहींना घोट श्वासनलिकेत गेला तरी ठसकाच लागत नाही, कळतं ते थेट न्यूमोनिया झाल्यावर. एकदा गिळण्याची तपासणी करून घ्या.
बाबा मुद्दाम करत नाहीयेत, आईंना हे नक्की सांगा. पाढे, आरती, वार, शिव्यासुद्धा (हो, शिव्या!) पाठ झालेल्या असतात, त्या आपोआप बाहेर पडतात. मनातला शब्द शोधून आणायचा ही वेगळी हमाली आहे, तीच अडलीय. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक पेशंट आला होता, त्याला काहीही विचारा, तो 'टॅन' एवढंच म्हणायचा. १८६१ मध्ये तो गेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढे इजा निघाली. तुमच्या बाबांचा 'चहा' म्हणजे तोच प्रकार दिसतो.
हो-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारा, वस्तू दाखवा, आणि ओरडून बोलू नका, ऐकायला येतंय त्यांना.

हाडवैद्य_नव्हे_फिजिओ
मेव्हण्यांना सांगा, जीसीएसमध्ये शून्य नसतो, अगदी बेशुद्ध माणसालाही ३ मिळतात :) डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६ असे मिळून १५. १९७४ साली ग्लासगोमध्ये काढलेली मोजणी आहे ही, माणूस किती शुद्धीवर आहे ते बघायला. बाबांचे २ बहुतेक बोलण्यात गेलेत, म्हणजे गुंगीमुळे नाही तर वाचाघातामुळे. हा आकडा काही सुधारणेचा नाही.
हेमि म्हणजे अर्धं अंग, पॅरेसिस म्हणजे जोर कमी, प्लेजिया म्हणजे जोर पूर्ण गेला, तुमचं पहिलं आहे. एमसीए ही मेंदूची मोठी धमनी, इन्फार्क्ट म्हणजे ती तुंबून रक्त न मिळाल्याने मेलेला भाग, आणि डावीकडची तुंबली की उजवं अंग जातं. पॉवर २ म्हणजे हात गादीवर सरकतो पण उचलता येत नाही, ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो पण कोणी दाबलं की पडतो.
आता हात जोडून एक विनंती, उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका, काखेतही हात घालू नका. स्नायू ढिले असतात, खांदा खोबणीतून खाली उतरतो, त्याला सबलक्सेशन म्हणतात, नंतर इतका दुखतो की पेशंट व्यायामालाच बसत नाही. बसल्यावर हाताखाली उशी.

कोथरूडची_सून
आमच्या सासूबाईंच्या कार्डावर 'लेफ्ट निग्लेक्ट' होतं. दीर भडकले, आम्ही निग्लेक्ट केलं असं लिहिलंय म्हणून भांडायलाच निघाले. मग कळलं की उजव्या मेंदूचा स्ट्रोक असला की डावीकडचं जगच लक्षात येत नाही, डोळे चांगले असूनही. ताटात डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबू, तशीच राहायची आणि वर "आज कोशिंबीर केली नाहीस का?" मी दोन आठवडे मनात चरफडत होते. ताट फिरवून ठेवलं की सगळं संपायचं.

धायरीकर७७
सगळ्यांचे आभार. काल तपासणी झाली. पाणी चालेल, पण ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, लहान घोट, आणि जेवताना टीव्ही बंद. तीन महिने थेरपी सांगितलीय. घरी आल्यावर आईने अर्धा कप चहा केला, बाबांनी घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "पंखा".

वाचाताई
दुसरा शब्द आला की! वहीत तारीख टाकून लिहून ठेवा.