पाझर तलावातला उरलेला गाळ टाकायचा कुठे? (यावल तालुका)

पायथा_यावल:
राम राम मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावचा पाझर तलाव आहे. मोजणीप्रमाणे 18,000 घनमीटर गाळ निघेल. एकरी 400 घनमीटर धरून सुमारे 27 एकरांची मागणी आली, म्हणजे 11,000 च्या आसपास शेतात जाईल. उरलेल्या 7,000 साठी तीन जागा आहेत: (अ) तलावाच्या खाली नाल्याकाठची पडीक गोटाळ जमीन, 300 मीटर, (ब) बंद दगडखाण, 3 किलोमीटर, (क) गायरानातला मुरमाड माळ, दीड किलोमीटर. डिझेल वाचतं म्हणून पंचायतीचा कल ‘अ’कडे आहे. काय करावं?

भूजल_जळगाव:
भाऊ, ‘अ’ सोडून द्या, कितीही जवळ असली तरी. ती गोटाळ जमीन पडीक दिसते, पण यावल-रावेरचा तो बझाडा पट्टा आहे, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी साचलेल्या दगडगोट्यांचा पट्टा. डोंगरातून आलेलं पाणी त्या दगडगोट्यांतूनच जमिनीत उतरतं आणि खालच्या केळीच्या विहिरींना मिळतं. त्यावर चिकण गाळाचा थर बसला की फटी बुजतात. एकदा गोट्यांत शिरलेला गाळ परत निघत नाही. शिवाय नाल्याकाठचा ढीग पहिल्याच मोठ्या पुरात वाहून खालच्या बंधाऱ्यात बसेल. तलाव उपसून बंधारा भरायचा, याला काय अर्थ?

बंदरातला गाळ समुद्रात टाकतानाही पहिला प्रश्न हाच असतो: प्रवाह तो कुठे नेईल? तिथे काही वेळा मुद्दाम प्रवाहाने पांगणारी जागा निवडतात. आपल्याकडे ती सोय नाही, गाळ जिथे टाकला तिथेच राहिला पाहिजे.

जागेवर जाऊन एवढं बघा: पुराच्या खुणा कुठवर आहेत (झाडाझुडपांत अडकलेला काडीकचरा), खाली किती अंतरावर विहिरी आहेत, आणि एक मीटर खोल खड्डा खणून त्यात पाणी ओता. तासाभरात खड्डा रिकामा झाला तर ती पाणी मुरण्याची जागा आहे, तिथे गाळ नको.

काळी_माती:
जागेआधी गाळ तपासा. तोंडाशी, मध्यात आणि भिंतीजवळ अशा तीन ठिकाणी दर 30 सेंटिमीटर खोलीवर नमुने घ्या. वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात सोडा. काही तासांत भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर त्यात सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. असा गाळ शेतातही नको, आणि ढिगाच्या उतारावरही टिकत नाही, पावसात विरघळल्यासारखा वाहतो. पायथ्याच्या ओढ्यांत हे सहसा निघत नाही, पूर्णा नदीच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यातून येणाऱ्या गाळाबाबत मात्र जास्त काळजी घ्यावी लागते. तरी प्रयोगशाळेतून सामू (pH) आणि क्षारता काढून घ्याच. सामू 8.5 च्या वर गेला तर शेतकऱ्यांना देण्याआधी थांबा.

पायथा_यावल:
ढेकळाचं पाणी नितळ राहिलं. पण खाणीत मे महिन्यातही पुरुषभर पाणी असतं. चालेल का?

भूजल_जळगाव:
मग ‘ब’ही नको. मे महिन्यात टिकणारं पाणी भेगाळ खडकातून येत असणार, त्याचा संबंध आसपासच्या विहिरींशी असू शकतो. दुसरं म्हणजे पाण्यात पडलेला गाळ वर्षानुवर्षं आतून मऊ राहतो. वरून साय धरते, गुरं आणि पोरं त्यावर चालायला जातात आणि रुततात.

मुरूम_भराव:
राहिला गायरानाचा माळ. हिशेब असा: खणल्यावर गाळ फुगतो, 7,000 चे सैल 8,500 धरा. दीड मीटर उंचीने 5,700 चौरस मीटर लागतात, उतार आणि चर धरून पावणेदोन एकर. 14 घनमीटरच्या हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) सुमारे 600 खेपा होतील. ट्रॅक्टर ट्रॉलीने (एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट) तीन हजार, म्हणून ट्रॉल्या शेतासाठीच ठेवा.

आधी खालच्या बाजूला मुरमाचा अर्धा मीटर उंच बांध घालून दाबा, वरच्या बाजूला चर काढून माळावरून येणारं पाणी बाजूला वळवा. गाळ एकदम ओतू नका. 30 सेंटिमीटरचा थर पसरा, आठवडाभर वाळू द्या, मग दुसरा. बहुतेक ठिकाणी इथेच घाई होते: ओल्यावर ओलं पडतं आणि जूनमध्ये ढिगाचा कडेचा भाग सरकतो. बाजूचा उतार एकास तीन (एक उंचीला तीन आडवं) ठेवा. पाच थर म्हणजे पाच आठवडे, तेव्हा एप्रिलच्या मध्यापर्यंत सुरुवात हवी आणि मे अखेर काम बंद. पहिल्या पावसाबरोबर उतारावर मारवेल किंवा पवन्या गवताचे ठोंब लावा, गायरान म्हणून चाराही मिळेल.

ग्रामसभेचा ठराव आणि तहसीलची परवानगी आधी घ्या. माळाची हद्द वनखात्याला लागून असेल तर मोजणी केल्याशिवाय एकही खेप टाकू नका. तलावाच्या भिंतीपासून किती अंतर सोडून खणायचं, त्याच्या चुन्याच्या खुणा जलसंधारणच्या अभियंत्याकडून मारून घ्या. जेसीबीवाल्याला तोंडी सांगितलेलं अंतर दुपारपर्यंत टिकत नाही.

पायथा_यावल:
माळावर तो खड्डा उद्याच खणतो. पाणी उतरायला लागलेला वेळ इथे टाकतो.